सोमवारची नऊ माणसं

"हॅलो?… हां, बोल ताई… अगं जरा मोठ्याने बोल ना, काही कळत नाहीये… कुठे आहेस?… कुठल्या खोलीत?… बँडेजच्या? तिथे काय करतेयस तू?"

धाकटीने फोन खांद्यात धरला, मान तिरकी केली आणि अर्धं खाल्लेलं सँडविच पुन्हा कागदात गुंडाळून ठेवलं. ताई कामाच्या वेळात कधी फोन करत नसे. घरोघरी नर्स पाठवणाऱ्या एका संस्थेत ती दहा वर्षं वेळापत्रकं लावत होती. कोणत्या सिस्टरने कोणत्या दिवशी कोणाकडे जायचं, कोणाची जखम धुवायची, कोणाच्या आठवडाभराच्या गोळ्या डब्यात भरून द्यायच्या, हे सगळं तिच्या टेबलावरून हलायचं. त्या दहा वर्षांत दुपारच्या वेळी तिचा फोन आला होता तो एकदाच, वडील गेले तेव्हा.

"कोण गेलं?… कोणी नाही ना? मग रडतेयस कशाला?… बरं, नाही रडत, नुसतं नाक ओढतेयस… हो… हो… अगं एकेक सांग. काल काय झालं?… कोणीच गेलं नाही? म्हणजे एकाही घरी नाही?… नऊ?… नऊच्या नऊ?"

तिचा हात टेबलावर होता तिथेच थांबला. टेबलावर सकाळपासून दोन फोन पडले होते, एकावर लाल चिकटपट्टी, एकावर हिरवी. दोन्ही ऑफिसचे, चाचणीचे. आणि सकाळपासून ती त्यांच्याशी जे करत होती, त्याचा ताईच्या या नऊ माणसांशी संबंध आहे हे तिला 'काल' आणि 'सोमवार' हे दोन शब्द एकापाठोपाठ ऐकताच कळून चुकलं होतं. फक्त ते कळलं आहे हे स्वतःला कबूल करायला तिला आणखी थोडा वेळ हवा होता.

"हं… हं… बसवाले काका म्हणजे ते ना, तू सांगतेस ते? फोन ठेवताना दर वेळी 'थँक्यू बाळ' म्हणणारे?… हो, एक डोळा गेलेला… दुसऱ्यानेही धूसरच दिसतं, हो, सांगितलं होतंस… त्यांच्या गोळ्यांचा डबा सोमवारी भरायचा… मग?… स्वतःच भरला? अगं पण त्यांना बाटलीवरचं नाव तरी दिसतं का!… कुठल्या दोनदा घेतल्या?… ब्लडप्रेशरच्या… आणि मग?… बाथरूममध्ये. किती वेळ?… अगं पडून किती वेळ होते?… सकाळी नवापासून?… आणि शेजारणीला कधी कळलं?… संध्याकाळी."

तिने डोळे मिटले.

"खुबा… हं… ऑपरेशन कधी?… आज सकाळीच? झालं?… शुद्धीवर आहेत ना?… काय म्हणाले?… काय? परत सांग… 'सिस्टर येईल म्हणून मी दार उघडंच ठेवलं होतं.'… ताई, पुरे. नको सांगूस पुढचं. एक मिनिट दे मला."

ऑफिस एका टायरच्या दुकानावर होतं. खिडकी बंद असली तरी रबराचा वास आत यायचाच. रोज तिच्या लक्षातही यायचा नाही, आज मात्र तो घशात जाऊन बसला. सँडविचमधल्या अंड्याचा वास, रबराचा वास, कोपऱ्यातल्या यंत्रात सकाळपासून उकळून काळ्या झालेल्या कॉफीचा वास. तिने कागदाचा बोळा उचलून सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"हां, आहे मी. आता सांग, तुझ्याबद्दल काय म्हणतायत?… तारखा तू चुकीच्या टाकल्यास… नऊही जणांच्या रविवारच्या टाकल्यास. रविवारी तुमच्याकडे कोणी कामावर नसतं, म्हणून कोणी गेलं नाही. असं मेट्रनबाईंचं म्हणणं… आणि तू टाकले होतेस सोमवार?… नाही गं, तुझ्यावर शंका नाही घेत, नुसतं विचारलं… बरं, चुकलं माझं. टाकले होतेस सोमवार… आणि आता तुझ्या कम्प्युटरवर काय दिसतंय?… तिथेही रविवार. आणि खाली लिहिलं असेल बघ, शेवटचा बदल कोणी केला… तुझं नाव. वेळ?… काल, आठ वाजून दहा मिनिटं. तेव्हा काय करत होतीस?… सगळ्या सिस्टरांचे फोन सिंकला लावत होतीस… बाकी काही नाही?… नाही. माहीत आहे मला."

ताई रडत नव्हती म्हणाली तरी रडत होती. ती बँडेजच्या खोलीत हातमोज्यांच्या खोक्यावर बसली होती, दार आतून लावून. दीड वाजता चौकशी होती. मेट्रनबाई, संस्थेचे एक विश्वस्त आणि कामगारांचं बघणारी एक बाई, अशी तिघं बसणार होती. आत्ता एक वाजायला दहा मिनिटं होती.

"ताई, ऐक ना माझं… अगं ऐक तर! तू काही केलं नाहीस… काही म्हणजे काही नाही. तुझे सोमवार कोणी रविवार केले ते मला माहीत आहे… कोणी काय, तुम्ही वेळापत्रक लावता त्या प्रोग्रामने. आमच्या… हो, आमच्याच. ओरडू नकोस, बाहेर ऐकू जाईल… सांगते. शनिवारी झोपताना घरातली घड्याळं मागे केलीस ना, एक तास?… तेच. इकडे दर वर्षी होतं तसं उन्हाळ्याची वेळ संपली, हिवाळ्याची सुरू झाली. आता नीट ऐक. तू यादीत 'सोमवार' टाकतेस, पण प्रोग्राम 'सोमवार' असं काही लिहून ठेवत नाही. सोमवार ज्या क्षणी सुरू होतो तो क्षण लिहितो. म्हणजे रात्रीचे बारा… हो, बाराच. या सोमवारचं काम तू कधी टाकलं होतंस?… ऑगस्टमध्ये. तेव्हा उन्हाळ्याची वेळ होती, तर त्याने त्या हिशेबाने बारा मोजले. खरं तर त्याने बघायला हवं होतं की बाबा, ही तारीख नोव्हेंबरातली आहे, तेव्हा घड्याळं मागे गेलेली असतील. ते त्याने बघितलंच नाही. मग काल सिस्टरच्या फोनने तोच क्षण हिवाळ्याच्या वेळेने वाचला. एक तास कमी. बारातून एक गेला की?… अकरा. कुठल्या दिवसाचे?… हां. रविवारचे, रात्रीचे अकरा. आणि फोनवर तास दिसतच नाही, नुसता वार दिसतो."

ताईने काहीतरी विचारलं.

"बरोबर. मंगळवारची माणसं त्यांना सोमवारी दिसली, म्हणून काल सगळ्या सिस्टर मंगळवारच्या घरी जाऊन आल्या. यादीत जे नाव येईल त्या दाराची बेल वाजवायची, दुसरं काय करणार त्या. एक दिवस आधी आली म्हणून तक्रार कोण करेल?… आणि मधे पडली ती फक्त सोमवारची नऊ… तुझ्या कम्प्युटरवर कसं बदललं? अगं, फोन सिंकला लावला की दोघं एकमेकांच्या तारखा ताडून बघतात. फोन म्हणाला रविवार. तुझा कम्प्युटर मुकाट्याने हो म्हणाला, आपला सोमवार पुसला आणि रविवार लिहिला. लॉगिन कोणाचं होतं? तुझं. म्हणून नाव तुझं… हो. शी! हो, शीच म्हण. मीही तेच म्हणतेय."

तिने दुसऱ्या हाताने कीबोर्ड ओढला. सर्व्हरवर दर संध्याकाळी सगळ्या ग्राहकांच्या नोंदींची एक प्रत निघून राहत असे. शनिवारची प्रत काढायला तिला दोन मिनिटं लागली. ताईच्या संस्थेचं पान उघडलं. नऊ नावं, नऊ सोमवार. बसवाल्या काकांच्या नावापुढे ताईने कंसात एक ओळ टाकली होती: बेल दोनदा वाजवणे, चालायला वेळ लागतो.

"मिळालं. शनिवारची प्रत माझ्यासमोर आहे, ताई. नऊही सोमवार जिथल्या तिथे आहेत… हो, तारखेसकट. तू बारा ऑगस्टला टाकलेस… दिसतंय ना मला! तुला पाठवतेय. मेट्रनबाईंनाही पाठवते… थांब, कसलं पत्र?… आमच्याकडून? कोणाच्या सहीने?"

सही कोणाची हे विचारायची गरज नव्हती. ऑफिसात पत्रावर सह्या करणारा माणूस एकच होता, तिचे साहेब. पाठीमागे सगळे त्यांना 'मखमल' म्हणत, कारण कितीही वाईट गोष्ट ते अशा मऊ आवाजात सांगत की ऐकणाऱ्याला आधी आभार मानावेसे वाटत आणि जिन्यात पोचल्यावर कळे की आपल्याला काढून टाकलं आहे.

"वाच ना… सावकाश… 'आपण कळवलेल्या प्रकाराबद्दल मनापासून वाईट वाटतं.' हं, वाटणारच… पुढे… 'आमच्या तपासणीत सदर नोंदी आपल्या कर्मचाऱ्याने हाताने बदलल्याचं दिसून येतं.'… हाताने? 'हाताने' लिहिलंय?… परत वाच ते… शी, शी, शी! कधी आलंय हे?… साडेनऊला? आज?"

सकाळी नऊ वाजता, म्हणजे ते पत्र जायच्या बरोबर अर्धा तास आधी, मखमल तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते. हातात कॉफीचा मग होता. "त्या घड्याळाच्या बदलाचं काहीतरी आहे बघा," ते म्हणाले होते. "गुरुवारपर्यंत गुपचूप दुरुस्त करून टाका. नव्या आवृत्तीच्या टिपेत एवढंच लिहा, किरकोळ सुधारणा." ती 'बरं' म्हणाली होती. कोणाची तक्रार आली, कुठून आली, कोणाचं काही बिघडलं का, यातलं तिने काही विचारलं नव्हतं. दोन फोन घेतले होते, एकाला लाल पट्टी लावली होती, एकाला हिरवी, आणि साडेबाराला सँडविच उघडलं होतं.

"ताई, त्यांना माहीत होतं… अगं माहीत होतं म्हणजे, नऊ वाजता मला दुरुस्त करायला सांगितलं आणि साडेनऊला तुझ्या नावाने पत्र लिहिलं. तू माझी बहीण आहेस हे सुद्धा त्यांना माहीत आहे. तुझ्यामुळेच तर तुम्ही लोक आमच्याकडे आलात… हो ना, तेव्हा केक कापला होता इथे. 'तुमच्या ताईंना आमचा नमस्कार सांगा.' मला तो आवाज आठवला तरी अंगावर पाल पडल्यासारखं होतंय… नीच? नीच हा फार साधा शब्द झाला… आणि वर 'मनापासून'! आख्खा दिवस एक म्हातारा माणूस फरशीवर पडून राहिला आणि ह्यांना मनापासून वाईट वाटतंय, सही करून, शिक्का मारून!"

बोलता बोलता तिचा आवाज चढला होता. पलीकडच्या टेबलावर बिलं बघणाऱ्या बाईंनी मान वर केली आणि लगेच खाली घातली. धाकटी उठून खिडकीशी गेली. आता खरं तर ताईला सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. प्रत पाठवली की ताई सुटणार होती. राग मखमलवर होता, तोही वाजवी होता, आणि त्या रागाच्या आडोशाला उभं राहणं फार सोयीचं होतं.

पण मेट्रनबाईंना नुसती प्रत पुरणार नव्हती. मखमल म्हणाले असते, प्रतीतच गडबड आहे. म्हणाले असते, एका बहिणीने दुसरीला वाचवायला बनवली. प्रोग्राममध्ये दोष आहे आणि तो जुना आहे हे दाखवणारा कागद जगात एकच होता. ती फेब्रुवारीतली एक नोंद होती आणि तिच्यावर तिचंच नाव होतं. वरही आणि खालीही.

"ताई… अजून एक आहे… नाही, ते नाही. ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला जमायचं नाही. हा दोष मला फेब्रुवारीत सापडला होता… हो, या फेब्रुवारीत. मी नोंद केली होती. व्यवस्थित, उदाहरणासकट. 'शरद ऋतूत घड्याळं मागे गेल्यावर तारीख एक दिवस अलीकडे येईल.' असंच लिहिलं होतं, शब्द न् शब्द. सर म्हणाले, वर्षातून दोनदा होणाऱ्या गोष्टीसाठी दोन आठवडे कोण घालवणार, मार्चमध्ये बघू. मार्च आला, घड्याळं पुढे गेली. काहीच झालं नाही… कारण पुढे गेली की बाराचा एक होतो, वार तोच राहतो. मला माहीत होतं मार्चमध्ये काही होणार नाहीये. दुखणं नोव्हेंबरचं होतं. पण सर हसून म्हणाले, बघा, काही झालं का? आणि मी… मी म्हटलं, नाही सर. एप्रिलमध्ये ती नोंद बंद केली. 'दोष नाही' असं लिहून… कोणी लिहून म्हणजे? मी. माझ्या हाताने… हो, ह्या एका बाबतीत 'हाताने' हा शब्द बरोबर आहे."

बँडेजच्या खोलीचं दार कोणीतरी ठोठावलं, ते फोनमधून स्पष्ट ऐकू आलं.

"बोलावतायत का?… आत्ताच?… जा. जा, पण फोन बंद करू नकोस. त्यांच्या टेबलावर ठेव आणि स्पीकर लाव… अगं मी सांगते ना त्यांना. तू सांगितलंस तर म्हणतील स्वतःला वाचवतेय… लाव तू. मी आहे."

जिना चढल्याचा आवाज आला, मग दार, मग खुर्च्या सरकल्याचा. धाकटी जागेवर परत येऊन बसली. पाठ सरळ केली. फेब्रुवारीची नोंद उघडून पाठवायच्या पत्राला जोडली, शनिवारची प्रत जोडली, आणि बोट बटणावर ठेवून थांबली.

"नमस्कार मॅडम… हो, ऐकू येतंय. मी तुमच्याकडे जो प्रोग्राम आहे तो बनवणाऱ्या कंपनीत काम करते. तारखांचा भाग मीच लिहिते… हो, आणि मी यांची धाकटी बहीण आहे, ते आधीच सांगते. म्हणून माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, कागद बघा. पाठवतेय… आत्ता गेला. पहिलं पान शनिवार संध्याकाळचं आहे. बघा, नऊही नोंदी सोमवारच्या आहेत… बरोबर. रविवार त्यांनी टाकलेला नाही. घड्याळं मागे गेल्यावर प्रोग्रामने केलाय… नाही मॅडम, त्या पत्रात लिहिलंय ते खोटं आहे… हो, मी 'खोटं' म्हणतेय. चूक नाही, खोटं."

मखमल दारात उभे होते. बिलंवाल्या बाईंनी सांगितलं असेल, किंवा आवाजच तिथवर गेला असेल. कॉफीचा मग हातात होताच.

"घरचा फोन आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं. "ठेवा तो. आणि केबिनमध्ये या."

धाकटीने मान हलवली, होकाराची की नकाराची ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"दुसरं पान फेब्रुवारीचं आहे मॅडम. त्यात या दोषाचं वर्णन आहे. वरचं नाव माझं… हो. खाली एप्रिलमध्ये ती नोंद बंद केलीय, तेही नाव माझंच आहे… मला ठाऊक होतं. आमच्या साहेबांनाही ठाऊक होतं. आज सकाळी नऊ वाजता त्यांनी मला ते दुरुस्त करायला सांगितलं, आणि साडेनऊला तुम्हाला ते पत्र पाठवलं…"

"तुम्ही काय करताय ते तुम्हाला कळतंय का?" मखमल आता अगदी तिच्या खुर्चीमागे आले होते. आवाज अजूनही मऊच होता. "आपल्या आपल्यात मिटवता येतं हे. कुटुंबासारखे आहोत आपण."

'कुटुंब' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकताच तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"हो मॅडम, मागे बोलतायत ते आमचे साहेबच… बोलायचंय तुम्हाला? देते." तिने फोन कानापासून काढून त्यांच्यापुढे धरला. "सर, मेट्रनबाई आहेत. मनापासून वाईट वाटलं ते सांगा त्यांना."

मखमल एक पाऊल मागे सरले. कॉफीचा मग धरलेला हात आणि रिकामा हात, दोन्ही नकारार्थी हलले. कॉफी त्यांच्या पांढऱ्या बाहीवर सांडली. मग ते वळले, केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं, हलकेच, आवाज न करता.

"नाही म्हणतायत मॅडम… हो, तुम्ही त्यांना लेखी विचारा, तेच बरं. आता माझं थोडं ऐका, हे जास्त महत्त्वाचं आहे. आज तुमच्या सिस्टरांच्या फोनवर जी नावं आहेत ती उद्याची, बुधवारची आहेत. शनिवारच्या आधी टाकलेलं प्रत्येक काम एक दिवस अलीकडे सरकलंय. फोन बाजूला ठेवायला सांगा. आठवडाभराची यादी शनिवारच्या प्रतीवरून कागदावर उतरवून द्या… हो, हाताने लिहून. आणि कालच्या नऊपैकी आठ जणांकडे अजून कोणी गेलं नसेल तर… सकाळीच गेल्या? कोणी पाठवलं?… ताईने?… चौकशीआधी?… बरं. बरं झालं."

ते तिला माहीत नव्हतं. आपल्यावर आळ आलेला असताना, सकाळी सातला, नोकरी राहणार की जाणार याचा पत्ता नसताना, ताईने आठ घरी फोन करून सिस्टर पाठवल्या होत्या. आणि इकडे आपण लाल-हिरव्या पट्ट्या चिकटवत होतो.

"काय मॅडम?… थांबवली? म्हणजे चौकशी…? आणि ताईला जी लेखी नोटीस दिलीत ती?… परत घेणार. तिच्यासमोर सांगा ना ते, माझ्याशी कशाला… ऐकलं तिने? बरं… माझ्याविरुद्धही तक्रार करणार आहात? करा मॅडम. करायलाच हवी… नाही, राग कसला. आमच्याकडे तुमच्यासारखे आणखी सतरा ग्राहक आहेत. एक जनावरांचा दवाखाना आहे, दोन दातांचे आहेत. त्यांना कोणी काही कळवलेलं नाही. तुमच्याशी बोलून झालं की मी कळवते… नाही, साहेबांना विचारून नाही. ठेवते… हां? ताई बोलतेय? द्या."

खुर्च्या सरकल्या. दार उघडून बंद झालं. मग एका लांब बोळात पावलं वाजत राहिली. ताई खोलीतून बाहेर आली होती आणि स्पीकर बंद करून फोन कानाला लावून चालत होती.

"ताई?… सुटलीस ना?… हं… काय?… विचार."

ताईने विचारलं ते छोटंसंच होतं. धाकटीने खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"जूनमध्ये… हो. जूनमध्ये तू मेट्रनबाईंकडे आमचं नाव सुचवलंस तेव्हा ती नोंद बंद करून दोन महिने झाले होते… हो. माहीत होतं… नाही, विसरले नव्हते. खोटं नाही बोलणार. आठवलं होतं. मला वाटलं, नोव्हेंबरला अवकाश आहे, तोवर करून टाकू गुपचूप… हो. तोच शब्द. गुपचूप… त्यांच्याएवढीच आहे मी? असेन. नाही म्हणायला तोंड नाही मला… ताई, मला माफ…"

ताईने तिला पुढे बोलू दिलं नाही. बराच वेळ तीच बोलत होती, सलग, न रडता. धाकटी ऐकत राहिली. मध्येच तिने एक कागद ओढला आणि पेन्सिल शोधली.

"हो… बरोबर आहे. तुला 'माफ कर' म्हणून काय उपयोग… पत्र लिहू का काकांना?… नाही, खरंच, पत्र कसलं, त्यांना दिसत तरी कुठे… हो. जाते मीच… आज. चारला उघडतं ना भेटायला?… कुठला वॉर्ड?… तिसरा मजला, खिडकीकडची खाट. लिहिलं… नातेवाईक कोणी?… कोणीच नाही. हं… काय सांगू, कोण म्हणून सांगू?… नुसतं 'सिस्टर आली नाही त्याचं कारण मी आहे', असं?… बरं. तसंच सांगते… तू येतेस का बरोबर?"

तिने बोळातली पावलं थांबल्याचं ऐकलं.

"नाही, बरोबर आहे. एकटीच जाते… ताई, ते ओरडले तर?… आणि नाही ओरडले तर?… हं. ते मलाच बघावं लागेल… हो… हो, तुला वाटेल तेव्हा ये घरी. कधी येतेस ते मी नाही विचारणार… ठेव आता. तुझी कामं पडली असतील. यादी लिहायचीय ना सगळी… हो. ठेव."